मंदी आणि स्पोर्ट्स कार: विक्रीचा आकडा नेमकं काय सांगतो?



आज दोन आकड्यांपासून सुरुवात करू. फेरारी या इटालियन कंपनीची विक्री २००९ मध्ये आधीच्या वर्षापेक्षा साधारण ५ टक्क्यांनी घटली आणि ६,२५० गाड्यांच्या आसपास आली. २०१३ मध्येही ती घटली, तीही साधारण ५ टक्क्यांनीच, आणि ६,९२२ वर आली. कागदावर ही दोन वर्षं जुळी भावंडं वाटतात.

प्रत्यक्षात २००९ मध्ये जगभर मंदी होती आणि गिऱ्हाइकाने हात आखडता घेतला होता. २०१३ मध्ये मात्र गिऱ्हाईक दारात उभं होतं, कंपनीनेच गाड्या कमी द्यायचं ठरवलं होतं. तेव्हाचे अध्यक्ष लुका दि मोन्तेझेमोलो यांनी त्याच वर्षी मे महिन्यात जाहीर केलं होतं की वर्षाला ७,००० पेक्षा कमी गाड्या द्यायच्या, म्हणजे नाव दुर्मीळ राहील. त्या वर्षी गाड्या कमी गेल्या आणि नफा वाढला.

आता समजा, तुमच्याकडे एक्सेलमध्ये फक्त विक्रीचा रकाना आहे. या दोन घटींतला फरक तुम्हाला दिसेल का? नाही दिसणार. आजचा लेख त्याबद्दलच आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेटची किंवा सिनॉप्सिसची तयारी करत आहात, म्हणून मुद्दाम हे उदाहरण घेतलं. माझा विषय संख्याशास्त्र आहे, गाड्या नाहीत. पण "मंदीत स्पोर्ट्स कारची विक्री कमी होते का?" हा प्रश्न दिसायला इतका सोपा आणि आतून इतका गुंतागुंतीचा आहे, की संशोधनाचा प्रश्न कसा घडवायचा हे शिकायला याच्याइतकं चांगलं उदाहरण सहज सापडत नाही.

गृहीतक कुठून येतं?

आपल्याकडे दोन वाक्यं नेहमी ऐकू येतात. पहिलं: "श्रीमंतांना कसली आलीय मंदी!" दुसरं: "मंदीत आधी चैन जाते." दोन्ही पटतात आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पहिलं खरं असेल तर स्पोर्ट्स कारची विक्री मंदीत हलायला नको. दुसरं खरं असेल तर ती सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त पडायला हवी.

हा नुसता गप्पांचा विषय नाही. श्रीमंतांना मंदी लागत नाही असं सरकारने धरून चाललं, तर चैनीच्या वस्तूंवर कर लावताना त्या वस्तू बनवणाऱ्या कामगारांचा विचार होत नाही. अमेरिकेतली शेव्हरोले कॉर्व्हेट केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीन इथल्या एकाच कारखान्यात बनते. तिची मागणी पडली की तिचा मालक फार तर जुनीच गाडी चालवतो, पण कारखान्यातल्या पाळ्या कमी होतात.

आधी तीन शब्द पक्के करा

"मंदी", "स्पोर्ट्स कार" आणि "विक्री". तिन्ही रोजच्या वापरातले आहेत, आणि म्हणूनच धोकादायक आहेत.

मंदी म्हणजे कधीपासून कधीपर्यंत? अमेरिकेत नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च ही संस्था या तारखा ठरवते. तिच्या मते ती मंदी डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ मध्ये संपली. पण सुरुवातीची घोषणा झाली १ डिसेंबर २००८ रोजी, म्हणजे मंदीला वर्ष होऊन गेल्यावर! शेवटाची घोषणा तर सप्टेंबर २०१० मध्ये झाली. म्हणजे गाडी घेणाऱ्या माणसाला त्या वेळी "मंदी चालू आहे" हे अधिकृतपणे कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्याला दिसत होता शेअर बाजार, बँकेचं कर्ज आणि १५ सप्टेंबर २००८ ला बुडालेली लेहमन ब्रदर्स. शिवाय देशोदेशीच्या मंदीच्या तारखा वेगळ्या असतात. इटलीत बनून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाडीला कुठल्या देशाची मंदी लावायची, हे आधी ठरवावं लागतं.

स्पोर्ट्स कार म्हणजे काय? "स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या कंपनीची गाडी" ही व्याख्या चालणार नाही. लॅम्बोर्गिनीने २०१९ मध्ये ८,२०५ गाड्या विकल्या, पण त्यातल्या ४,९६२ उरुस होत्या, म्हणजे एसयूव्ही. निम्म्याहून जास्त! कंपनीचा एकूण आकडा घेऊन तुम्ही निष्कर्ष काढलात, तर तो स्पोर्ट्स कारपेक्षा एसयूव्हीबद्दलच जास्त असेल.

विक्री म्हणजे कुणी कुणाला विकली? याला आपल्याकडचं उदाहरण आहे. भारतात सियाम ही उत्पादकांची संघटना जे आकडे देते ते कंपनीने वितरकांकडे पाठवलेल्या गाड्यांचे असतात. फाडा ही वितरकांची संघटना देते ते गिऱ्हाइकाच्या नावावर नोंदणी झालेल्या गाड्यांचे, सरकारच्या "वाहन" प्रणालीवरून. मागणी घटायला लागते तेव्हा हे दोन आकडे एकमेकांपासून दूर जाऊ शकतात, कारण गाड्या वितरकाच्या गोदामात साठत जातात आणि कंपनीच्या कागदावर त्या "विकलेल्या" असतात. म्हणून तक्ता हातात आला की पहिलं काम रकान्याची व्याख्या वाचण्याचं.

आता आकडे बघू

- अमेरिकेतली एकूण नवी वाहनं (कार आणि हलकी मालवाहू वाहनं धरून): २००७ मध्ये सुमारे १ कोटी ६१ लाख, २००९ मध्ये सुमारे १ कोटी ४ लाख.
- शेव्हरोले कॉर्व्हेट, अमेरिका: २००७ मध्ये ३३,६८५, २००८ मध्ये २६,९७१, २००९ मध्ये १३,९३४.
- लॅम्बोर्गिनी, संपूर्ण जग: २००८ मध्ये २,४३०, २००९ मध्ये १,५१५, २०१० मध्ये १,३०२.
- पोर्शे, संपूर्ण जग: २००७-०८ मध्ये ९८,६५२, २००८-०९ मध्ये ७५,२३८.

नुसती घट बघू नका, तुलना करा. अमेरिकेतला एकूण बाजार दोन वर्षांत साधारण ३५ टक्के पडला, कॉर्व्हेट ५९ टक्के पडली. लॅम्बोर्गिनी एकाच वर्षात ३८ टक्के खाली आली. म्हणजे "श्रीमंतांना कसली आलीय मंदी" हे पहिल्याच फेरीत अडखळतं.

असं का होतं, याचं पहिलं कारण अगदी घरगुती आहे. गाडी ही टिकाऊ वस्तू. तिची खरेदी पुढे ढकलता येते. रोज कामावर जायची गाडी बंद पडली तर माणूस कर्ज काढून का होईना, दुसरी घेतो. पण स्पोर्ट्स कार सोमवारपर्यंत हवीच, असं कुणाचंही अडलेलं नसतं. दुसरं कारण संपत्तीचं. अमेरिकेचा एसअँडपी ५०० निर्देशांक ९ ऑक्टोबर २००७ ला १,५६५ वर होता, ९ मार्च २००९ ला तो ६७६ वर आला. म्हणजे ५७ टक्के घट. ज्यांच्या श्रीमंतीचा मोठा भाग शेअरमध्ये असतो त्यांना पगारकपात न होताही गरीब झाल्यासारखं वाटतं.

अर्थशास्त्रात यावर गंभीर काम झालेलं आहे. आइत-साहालिया, पार्कर आणि योगो यांचा २००४ चा शोधनिबंध चैनीच्या वस्तूंची विक्री आणि शेअर बाजार यांचा संबंध तपासतो. चैनीचा खर्च सर्वसाधारण खर्चापेक्षा बाजाराबरोबर कितीतरी जास्त हलतो, असं त्यात दिसतं. पार्कर आणि विसिंग-योर्गेनसेन यांनी २००९ मध्ये दाखवलं की अर्थव्यवस्थेच्या चढउतारात वरच्या थरातल्या कुटुंबांचं उत्पन्न आणि खर्च जास्त झोका घेतात. श्रीमंत माणूस मंदीत उपाशी राहत नाही हे खरंच, पण त्याचा खर्च हलत नाही, हे खोटं. ही दोन वेगळी विधानं आहेत आणि आपण बोलताना ती एकात मिसळतो.

पोर्शेचा आकडा फोडून बघा

इथे जरा थांबू, कारण खरी गंमत इथे आहे. पोर्शेचं तेव्हाचं आर्थिक वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असं होतं. म्हणजे २००८-०९ हे वर्ष लेहमन बुडण्याच्या दीड महिना आधी सुरू झालं. एकूण घट साधारण २४ टक्के. आता मॉडेलप्रमाणे:

- ९११: ३१,४२३ वरून २७,०७०, म्हणजे १४ टक्के घट.
- बॉक्स्टर आणि केमन मिळून: २१,७४७ वरून १३,१४०, म्हणजे ४० टक्के घट.
- कायेन (ही एसयूव्ही): ४५,४७८ वरून ३४,२६५, म्हणजे २५ टक्के घट.

महाग ९११ कमी पडली आणि तिच्यापेक्षा स्वस्त असलेली बॉक्स्टर-केमन जोडी जास्त. तुम्ही लगेच म्हणाल: बरोबर आहे, बॉक्स्टर घेणारा माणूस ओढूनताणून घेतो, मंदीचा फटका त्याला आधी बसतो. स्पष्टीकरण छान आहे. पण आणखी एक गोष्ट बघा. ९११ ची सुधारित आवृत्ती २००८ च्या उन्हाळ्यात आली, म्हणजे हे आर्थिक वर्ष सुरू होता होता. बॉक्स्टर आणि केमनची सुधारित आवृत्ती बाजारात यायला २००९ उजाडलं. नव्या गाडीला गिऱ्हाईक मिळतं, जुनीचं गिऱ्हाईक "नवी येऊ दे" म्हणून थांबतं. मग ४० टक्क्यांतला किती भाग मंदीचा आणि किती थांबून राहिलेल्या गिऱ्हाइकाचा?

या दोन वर्षांच्या आकड्यांवरून हे सांगता येत नाही. दोन्ही कारणं एकाच दिशेला ओढतात. संख्याशास्त्रात याला कन्फाउंडिंग म्हणतात: परिणामावर असर करणारी दोन कारणं एकत्र आली की त्यांची वाटणी करता येत नाही. व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो, आणि "पण सर, स्पष्टीकरण पटतंय ना" हे त्याचं उत्तर नसतं.

गाडीच्या मॉडेलचं वय

लॅम्बोर्गिनीचे आकडे परत बघा. अमेरिकेतली मंदी जून २००९ मध्ये संपली, तरी २०१० ची विक्री २००९ पेक्षाही कमी. कॉर्व्हेटचंही तसंच. अमेरिकेतला एकूण बाजार २०१० मध्ये सुमारे १ कोटी १६ लाखांवर चढला, कॉर्व्हेट मात्र आणखी घसरून १२,६२४ वर आली.

लॅम्बोर्गिनीच्या मुर्सिएलागोचं उत्पादन २०१० मध्येच थांबलं आणि तिची जागा घेणारी अव्हेन्तादोर आली २०११ मध्ये. पुढची विक्री: २०११ मध्ये १,६०२, २०१२ मध्ये २,०८३. कॉर्व्हेटची त्या वेळची पिढी २००५ पासून चालू होती, नवी आली २०१३ च्या अखेरीकडे. २०१३ मध्ये १७,२९१ आणि २०१४ मध्ये एकदम ३४,८३९, म्हणजे दुप्पट! त्या वर्षी अमेरिकेची अर्थव्यवस्था काही दुप्पट झाली नव्हती. त्यातच कॉर्व्हेट बनवणाऱ्या जनरल मोटर्सने १ जून २००९ ला दिवाळखोरीसाठी अर्ज केला होता, तो वेगळाच घटक. बंद पडू पाहणाऱ्या कंपनीची महाग गाडी घ्यावी का, ही शंका मंदीशी जोडलेली असली तरी मंदी नव्हे.

टाकी आणि नळ

आता फेरारीकडे परत येऊ. सगळे ३०-४० टक्के पडत असताना ती फक्त ५ टक्के कशी पडली? निदान काही भाग प्रतीक्षायादीचा आहे. फेरारीची गाडी मागणी नोंदवल्यावर बऱ्याच महिन्यांनी मिळते. तुमच्या इमारतीवरची पाण्याची टाकी आठवा. पालिकेचं पाणी सकाळी बंद झालं तरी टाकी भरलेली असेल तर नळाला दिवसभर पाणी येतं. नळाकडे बघून "पाणीपुरवठा सुरळीत आहे" असं म्हणणं चूक. इथे नळ म्हणजे विक्री, टाकी म्हणजे प्रतीक्षायादी आणि पालिकेचं पाणी म्हणजे नव्या मागण्या. आपल्याला मोजायच्या आहेत नव्या मागण्या, पण आकडे मिळतात नळाचे. शिवाय फेरारीने २००८ मध्येच कॅलिफोर्निया हे नवं मॉडेल आणलं होतं. म्हणजे मॉडेलच्या वयाचा मुद्दा इथेही आहेच, फक्त उलट बाजूने.

याच्या उलट २०२० मध्ये नळच बंद झाला. कोविडमुळे फेरारीचं उत्पादन सात आठवडे थांबलं होतं, लॅम्बोर्गिनीचा कारखानाही ४ मे पर्यंत बंद होता. फेरारीची विक्री १०,१३१ वरून ९,११९ वर आली आणि लॅम्बोर्गिनीची ८,२०५ वरून ७,४३० वर. साधारण १० आणि ९ टक्के घट. पुढच्याच वर्षी फेरारी ११,१५५ आणि लॅम्बोर्गिनी ८,४०५. एसअँडपी ५०० तर ऑगस्ट २०२० मध्येच फेब्रुवारीच्या उच्चांकाच्या वर गेला होता. २००९ ची घट आणि २०२० ची घट एकाच रकान्यात "मंदीतली घट" म्हणून टाकलीत, तर मागणीचा धक्का आणि पुरवठ्याचा धक्का यांची खिचडी होईल.

मंदीबरोबर येणारं सरकार

शेवटचा घटक धोरणाचा. इटलीत २०११ च्या अखेरीला कर्जसंकट टोकाला गेलं होतं. मारिओ मोन्ती यांच्या सरकारने ताकदवान गाड्यांवरचा जादा कर वाढवला: २०१२ पासून १८५ किलोवॉटच्या वरच्या प्रत्येक किलोवॉटमागे वर्षाला २० युरो. त्याच सुमाराला, ३० डिसेंबर २०११ ला, करखात्याचे ८० अधिकारी कोर्तिना द'अम्पेझ्झो या श्रीमंतांच्या डोंगरगावात उतरले आणि महागड्या गाड्यांच्या मालकांची तपासणी केली. २५१ गाड्यांपैकी १३३ व्यक्तींच्या नावावर होत्या, आणि त्या १३३ मालकांपैकी ४२ जणांनी वर्षाचं उत्पन्न ३०,००० युरोंपेक्षा कमी दाखवलं होतं.

आता विचार करा. इटलीत त्या काळात कुणी स्पोर्ट्स कार घेतली नसेल, तर ती पैसा नव्हता म्हणून, कर वाढला म्हणून, की चारचौघांत दिसायला नको म्हणून? तिन्ही गोष्टी मंदीच्याच पोटातून आल्या, पण तिन्हींवरचा उपाय वेगळा. धोरण ठरवणाऱ्याला नेमकं हेच कळायला हवं असतं.

मग अभ्यास कसा आखायचा?

समजा हाच तुमचा विषय आहे. मी असं करेन:

१. प्रश्न लहान करा. "मंदीत स्पोर्ट्स कारची विक्री" नको. "शेअर बाजाराच्या घसरणीनंतर किती महिन्यांनी, दोन दरवाज्यांच्या स्पोर्ट्स कारची नोंदणी अमेरिकेत किती बदलते?" हा प्रश्न मोजता येतो.

२. वार्षिक आकड्यांवर थांबू नका, महिन्याचे शोधा. मंदी जूनमध्ये संपते, वार्षिक आकडा डिसेंबरची वाट बघतो.

३. प्रत्येक मॉडेलचं वय हा वेगळा चल म्हणून घ्या. नवी पिढी कधी आली, सुधारित आवृत्ती कधी, उत्पादन कधी थांबलं.

४. तुलनेसाठी गट ठेवा. खरा प्रश्न "विक्री किती पडली" हा नसतो, "मंदी आलीच नसती तर किती झाली असती" हा असतो. ते जग दिसत नाही, म्हणून त्याच्या जवळचं काहीतरी शोधावं लागतं: त्याच देशातल्या साध्या गाड्या, किंवा ज्या देशात मंदी उशिरा आली तिथली तीच गाडी. डिफरन्स-इन-डिफरन्सेस ही पद्धत याच कल्पनेवर उभी आहे.

५. पुरवठा बंद होता ते महिने वेगळे काढा आणि का काढले ते लिहा.

६. लहान आकड्यांच्या टक्केवारीला भुलू नका. दीड हजार गाड्यांच्या कंपनीत १५० गाड्या इकडेतिकडे झाल्या की १० टक्के होतात. मोठ्या कंपनीत तेवढ्या गाड्या कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

थोडक्यात, मंदीत स्पोर्ट्स कारची मागणी घटते, आणि २००८-०९ च्या आकड्यांवरून बघितलं तर साध्या गाड्यांपेक्षा जास्त घटते, असं म्हणायला चांगला आधार आहे. किती घटते, याचं उत्तर मात्र मॉडेलचं वय, प्रतीक्षायादी, कारखाना आणि कर हे चार घटक बाजूला काढल्याशिवाय देता येत नाही.

गाड्या तुमचा विषय नसेल तर तुमच्या विषयातला एखादा आकडा घ्या. दुष्काळी वर्षातली ट्रॅक्टरची विक्री, किंवा लग्नसराईतलं सोनं. कागदावर एका बाजूला लिहा: हा आकडा नळाचा आहे की टाकीचा? दुसऱ्या बाजूला लिहा: हा आकडा हलवू शकतील अशी, माझ्या गृहीतकात नसलेली तीन कारणं. ती तीन कारणं सापडेपर्यंत सिनॉप्सिस गाईडकडे नेऊ नका. तुम्ही नाही शोधलीत, तर समितीतलं कुणीतरी पाच मिनिटांत शोधेल.